उजव्या खांद्याचा वाटा

नाशिकच्या माणसाला वंशावळीचं नवल नसतं. रामकुंडावर कुणीही परमुलुखातला यात्रेकरू उतरू दे, गावाचं नाव सांगितलं की उपाध्ये लाल बासन सोडतात, लांबट वही उघडतात आणि दहा मिनिटांत त्याच्या पणज्याची सही त्याच्या पुढ्यात ठेवतात. म्हातारी माणसं ती सही बघून घाटावरच रडतात. मी लहान असताना वडिलांच्या सायकलवर मागे बसून तिथून जात होते. मी विचारलं, "दादा, आपलं नाव कुठल्या वहीत हाय?" दादा म्हणाले, "आपल्याला घाटावर पाऊल टाकू देत नव्हते, वहीत कुठनं येऊ देतील?" आणि त्यांनी सायकल जोरात मारली.

हे आधी सांगायचं कारण असं, की ब्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी हैदराबादेला जाऊन आले. शिक्षकखोलीत सगळे विचारतात, चारमिनार पाहिला का, बांगड्या आणल्या का. चारमिनार बसच्या खिडकीतून पाहिला. बांगड्या आणल्या नाहीत. मी गेले होते एका अरबाचं आडनाव शोधायला. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

अरब म्हटलं की डोळ्यांपुढे वाळू आणि उंट येतात. आमचा अरब नांदगावला राहतो आणि बकऱ्या पाळतो. सालेहचाचा त्यांचं नाव. रेल्वेच्या फाटकावर नोकरी करून निवृत्त झाले. त्यांची मुलगी सलमा चाऊस माझ्या शाळेत हिंदी शिकवते, नाशकात खोली घेऊन एकटी राहते, आणि मधल्या सुट्टीत आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवतो. मी सुरुवातीला तिला विचारलं होतं, "चाऊस म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "अरब." मी म्हटलं, "अरब तर सगळेच म्हणतात. त्यातले कुठले?" ती गप्प झाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण अशा प्रश्नावर मीही गप्प होत आले आहे.

माझं आडनाव विंचूरकर. दादांना शाळेत घालताना आडनावाच्या जागी जातच लिहायची पद्धत होती. एका भल्या मास्तरांनी गावाचं नाव लावून दिलं. विंचूरला सरदार होऊन गेले, त्यामुळे "सरदारांपैकी का?" असं मला जन्मभर विचारलं गेलं. लग्न होऊन नाशकात खोली शोधत होतो तेव्हा घरमालकीणबाईंनी हेच विचारलं, आणि मी नुसती हसले. ना हो, ना नाही. त्या हसण्यावर खोली मिळाली, आणि सहा वर्षं मी त्या घरात घाबरून राहिले. हे मी आजवर नवऱ्यालाही धड सांगितलेलं नाही.

तर सलमाला स्थळ आलं. वय एकोणतीस, म्हणजे लोकांनी नाद सोडलेला. मुलगा हैदराबादजवळच्या बार्कसचा, नासिर. घड्याळं दुरुस्त करतो. नांदगावला कुणाच्या तरी लग्नाला आला होता, तिथे त्याने सलमाला पाहिलं. नंतर दोन पत्रं आली. ती पत्रं तिने मला दाखवली नाहीत, पण पर्समधून काढतही नव्हती. एकदा स्टाफरूममध्ये कुणी नाही असं पाहून म्हणाली, "बाई, मला हे लग्न करायचंय. मला तो आवडलाय. झालं, सांगून टाकलं." कान लाल झाले होते तिचे.

अट एकच होती. नासिरच्या आईला मुलीचा कबिला, म्हणजे अरबांतली मूळ टोळी, कळायला हवा होता. बार्कसमध्ये उमरबाबा म्हणून एक वृद्ध आहेत, अरबांच्या वंशावळी त्यांना तोंडपाठ. त्यांनी कागदावर लिहून दिलं की लगेच तारीख धरायची. सलमा म्हणाली, "बाई, तुम्ही चला. अब्बांना तिथे बोलता येणार नाही, आणि मला बोलता येईल पण मी बोलायचं नसतं." मी तोंडाळ आहे हे साऱ्या शाळेला ठाऊक आहे. मी लगेच हो म्हटलं.

नांदगाव

सालेहचाचा स्टेशनावर घ्यायला आले होते. उंच, काळेसावळे, लुंगी आणि वर रेल्वेचा जुना निळा कोट. घर दोन खोल्यांचं, मागे बकऱ्यांचा गोठा. तिथे मी पहिल्यांदा तो शिक्का पाहिला. प्रत्येक बकरीच्या कानावर डागलेली खूण होती: एक उभी रेघ, तिच्या माथ्याला विळ्यासारखा वाक, आणि पायथ्याशी आडवी बारीक रेघ.

"माझ्या बापाचा शिक्का हे," चाचा म्हणाले. "अरबस्तानातून येताना त्यानं दोनच चिजा आणल्या. एक कट्यार. ती विकली, माझ्या आईच्या आजारपणात. अन् ही डागणी." त्यांनी आढ्यातून हातभर लांबीची लोखंडी सळई काढली. टोकाला तीच खूण, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. "नांदगावच्या बाजारात कुणालाबी इचारा, चाऊसची बकरी कशी वळखायची ते."

त्यांचे वडील मुबारक. हैदराबादच्या अरब फौजेत होते, ती नोकरी सुटल्यावर नांदगावला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर पहारा करायला आले आणि इथेच राहिले. आजोबा फरज, ते अरबस्तानातच वारले. त्याच्या मागे चाचांना काही ठाऊक नव्हतं. "बाप बोलायचा नाय लय. इचारलं तर म्हणायचा, रोटी खा."

सलमाने ज्वारीची भाकरी आणि हरीस केलं होतं. हरीस म्हणजे गहू आणि मटण एकत्र शिजवून रवीने घोटघोट घोटायचं, आपल्या खिचड्याची बहीणच. मी दोनदा मागून घेतलं. डागणी पिशवीत गुंडाळून आम्ही दुपारी निघालो.

छोटी लाईन

मनमाडला छोट्या लाईनीची गाडी धरली. गाडीचं वर्णन करत नाही, ती जाते यातच आनंद मानायचा असतो. परभणीच्या पुढे एक पोलीस डब्यात आला, पिशवीतून बाहेर आलेलं लोखंड बघून थबकला. "हे काय? हत्यार?"

"बकऱ्यांचा शिक्का हे, साहेब."

"बकऱ्या कुठंयत?"

"नांदगावला."

"मग शिक्का कुठं नेताय?"

खरंच, काय सांगणार? मी मध्ये पडले. म्हटलं, "हवालदारसाहेब, यांच्या मुलीचं लग्न ठरतंय, सासरकडच्यांना दाखवायला नेतोय." त्याने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "लोक सोनं दाखवतात." मग निघून गेला. सलमा इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या प्रवासातलं तिचं तेवढंच हसू मला आठवतं, म्हणून लिहून ठेवते.

बार्कस

बार्कस हे नाव बराकींच्या इंग्रजी शब्दावरून, 'बॅरक्स'वरून पडलं म्हणतात. निजामाने अरबस्तानातल्या हद्रमौत नावाच्या मुलखातून शिपाई आणले, त्यांच्या बराकी इथे होत्या. राज्य गेलं, फौज मोडली, माणसं राहिली. रस्त्यात म्हातारे चौकटीच्या लुंग्या नेसून, वर रुंद पट्टा बांधून बसलेले. हातगाड्यांवर पेरूच पेरू, गावाभोवती पेरूच्या बागा. भाषा दखनी, मध्ये मध्ये अरबी शब्द. चाचांच्या लुंगीकडे पाहून अनोळखी माणसं सलाम करत होती. नांदगावला त्यांना "ए चाऊस" म्हणणारेच जास्त. ते इथे ताठ चालायला लागले. मला बघून बरं वाटलं.

नासिरच्या घरी उतरलो. त्याची आई, अम्मा म्हणतात सगळे, गोलमटोल आणि लगबगीची बाई. सलमाची हनुवटी धरून म्हणाली, "मेरेकू तो लडकी पसंद है, देखो. पण घर में और दो बेट्याँ हैं. कल उनकू माँगने आएँगे तो पूछेंगे, बहू किस कबिले की लाए?" त्यांच्यात एरवी मुलगी आणताना फार पाहत नाहीत, देताना पाहतात; पण घरातल्या मुली द्यायच्या असल्या की सुनेचाही कबिला निघतो. आपल्याकडेही थोरलीच्या लग्नात काही उणं निघालं की धाकटीचं अडतंच, त्यामुळे मला राग धरता येईना. नासिर दाराशी उभा होता. डोळ्याला भिंग लावायची सवय म्हणून एक डोळा बारीक झालेला. सलमाकडे न बघायचा एवढा प्रयत्न करत होता की सगळ्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरबाबांकडे गेलो. अम्मा आली नाही. "कागद लेके आओ, फिर खाना खाते," एवढंच म्हणाली.

उमरबाबांची खोली चटयांची. सुंठ घातलेला कहावा, म्हणजे काळी कॉफी आली, कपात नव्हे, वाटीएवढ्या पेल्यांत. बाबांचं वय ऐंशीच्या वर, डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंडातून नावं निघायला लागली की थांबत नाहीत. अमका बिन अमका बिन अमका, तीस तीस पिढ्या, मध्ये श्वास घेत नाहीत. मी शिक्षिका, मला राहवेना. मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. त्यांना विचारणारं माणूस बऱ्याच दिवसांनी मिळालं असावं.

अरब म्हणे आपली मुळं दोन सांगतात. दक्षिणेकडचे ते कहतानचे वंशज, उत्तरेकडचे अदनानचे. त्यांना फाटे फुटून कबिले झाले, आणि कबिल्याच्या भागांना नावं शरीराची. मोठ्या फाट्याला म्हणतात पोट, त्याहून लहानाला मांडी. म्हणजे सबंध कबिला एका देहासारखा धरायचा. नावातही तसंच, आधी स्वतःचं, मग बिन म्हणून बापाचं, मग आजाचं, आणि शेवटी घराण्याचं किंवा कबिल्याचं. हद्रमौतकडे घराण्याच्या नावाआधी 'बा' लावायची रीत. कुणी गावावरून नाव घेतं, कुणी धंद्यावरून. मी म्हटलं, "आमच्याकडे गावाला 'कर' लावतात, तसंच." बाबा म्हणाले, "हौ, दुनिया में सब जगा वैसाच है." मी विचारलं, "आणि बायका? एवढ्या नावांत एकही आई नाही?" ते मान हलवून हसले. काही जुने कबिले आईच्या नावाने ओळखले जातात, असं म्हणाले, पण घडाघडा सांगायला लागले ते पुन्हा बापच.

आणि चाऊस? मी विचारलं. बाबांनी पेला खाली ठेवला. चाऊस हा कबिला नाही. फौजेतला हुद्दा आहे, तोही मूळ तुर्कांचा. मराठी मुलखात गेलेल्या अरबाला कारकुनाने नाव विचारलं, त्याने हुद्दा सांगितला, आणि तेच आडनाव झालं. "हवालदार लिखे सरीका," ते म्हणाले.

सालेहचाचांनी तेव्हा पिशवी सोडून डागणी पुढे ठेवली. बाबांनी टोकावरून बोट फिरवलं. दिसत फारसं नव्हतं, पण बोटाला कळलं. चेहरा उजळला. तिकडे प्रत्येक कबिल्याची उंटावर डागायची खूण ठरलेली असते, आणि ही एका फार नावाजलेल्या कबिल्याची होती. त्या कबिल्याचं नाव मी इथे लिहीत नाही, बाबांना तसा शब्द दिला आहे. सलमाने माझा हात घट्ट धरला.

"बाप का नाम?"

"मुबारक."

"उनके बाप का?"

"फरज."

बाबांचं बोट थांबलं. मग अगदी भलतंच विचारलं, "बकरी ईद को कुर्बानी का सीधे हात का खांदा कौन खाता तुम्हारे घर में?"

चाचा म्हणाले, "कुणीच नाय." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी सहा वर्षांच्या मैत्रीत सलमाकडूनही कधी ऐकलं नव्हतं. ईदला पहिल्यांदा उजवा खांदा वेगळा काढायचा, पाटावर ठेवायचा, झाकायचा. घरात कुणी त्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी तो बाहेर कुणाला तरी देऊन टाकायचा. गोरगरिबांचा वाटा वेगळा, तो निराळा निघतोच. खांदा त्याहून वेगळा. "बाप म्हणायचा, तो आपला नाय. कुणाचा हे इचारलं तर म्हणायचा, रोटी खा. तो गेला तवापासनं मी करतो. रीत हे ना."

बाबांनी डोळे मिटले. मग फार हळू, एकेक वाक्य तोलून सांगितलं. हद्रमौतच्या त्या भागात उंट राखायला, बकऱ्या राखायला, घरकामाला बांधलेली माणसं असत. विकत घेतलेली किंवा तिथेच जन्मलेली. मुबारक, फरज ही नावं मालक अशा माणसांना ठेवत, शुभ म्हणून. स्वतःच्या मुलाला सहसा ठेवत नसत. डागणी हातात असायची ती या माणसांच्याच, कारण उंट डागायचे तेच. आणि कुर्बानीचा उजवा खांदा ते मालकाच्या घरी नेऊन देत.

म्हणजे मुबारक समुद्र ओलांडून आला, फौजेत शिपाई झाला, नांदगावला कुणाच्याही बापाचा बांधील राहिला नाही, आणि तरी मरेपर्यंत दरवर्षी मालकाचा वाटा काढून ठेवत राहिला. त्याच्या मागे त्याचा मुलगा, काही ठाऊक नसताना.

मला माझ्या आजीचं बोलणं आठवलं. गावात लग्न झालं की आमच्या माणसांनी शेवटी, लांब बसून जेवायचं. मेलेल्या ढोराचं कातडं कुणाचं, मांस कुणाचं, हे ठरलेलं. आजी त्याला "आपला हक्क" म्हणायची. दादांनी तो हक्क घेणं बंद केलं तेव्हा आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. अपमान रीत होऊन घरात राहायला लागला की माणूस त्याची काळजीसुद्धा घेतो. मी कहावा पीत राहिले.

बाबा पुढे म्हणाले, "मेरी बात सुनो सालेह. शिक्का तुम्हारे पास है. मैं कबिले का नाम लिख देता हूँ. झूट भी नई, सच भी नई. कोई नई पूछेगा. बच्ची का घर बस जाएगा." त्यांनी दौत जवळ ओढली. "तुम बोलो वैसा."

चाचा म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सांगतो."

पेरूची बाग

गावाबाहेर एका बागेत बांधावर बसलो. माळ्याने चार पेरू कापून, तिखटमीठ लावून दिले. कुणाला गोड लागेनात.

मी बोलायला लागले. आज लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण बोलले ते बोलले. "घ्या लिहून चाचा! कुणाचं नाव खरं असतं? कारकुनाने चाऊस लिहिलं ते खरं का? मला मास्तरांनी विंचूरकर केलं. लोक सरदार समजतात, समजू देत की. सहा वर्षं राहिले मी त्या खोलीत. काय वाकडं झालं माझं?" आवाज चढला माझा. माळी वळून बघायला लागला.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या वडलांनी गावाचं नाव लावलं. गाव तुमचंच होतं. तुमच्या मानसांचा घाम हे तिथं. कबिला माझा नाय."

"पण सलमाचं..."

"आन ईदला मी काय करू, सांगा. त्यांचंच नाव लावायचं अन् त्यांच्यासाठीच खांदा बाजूला काढायचा? मीच मालक अन् मीच गडी?" त्यांचा आवाज फाटला. "माझा बाप लय सोसून आला असंल बाई. मला आज कळलं तो का बोलायचा नाय. आता मी त्याला सोडून त्याच्या मालकाला बाप म्हनू?"

मी हातातला पेरू बांधावर ठेवला.

मग ते सलमाकडे वळले. "पण लगीन तुझं हे, बेटा. तू म्हनशील तर लिहितो. बाप कसाबी राहील."

सलमा पेरूचं पान हातात घेऊन शिरेशिरेने फाडत होती. सगळं पान संपलं. "मला नासिर पाहिजे," ती म्हणाली, "हे मी लपवत नाही, अब्बा." मग दुसरं पान घेतलं, तसंच ठेवून दिलं. "लिहू नका."

एकच ताट

रात्रीचं जेवण नासिरकडे होतं, उमरबाबाही आले होते. जमिनीवर दस्तरखानाची चादर, मध्ये परातीएवढं एकच ताट, त्यात भात आणि भातावर मटण. भोवती बसून सगळ्यांनी आपल्या समोरून खायचं, ही अरबांची रीत. बायकांचं ताट आतल्या खोलीत होतं, पण चाचांनी अम्माला दाराशी बोलावून घेतलं.

"जेवायच्या आधी सांगतो," ते म्हणाले, "मंग तुम्ही ठरवा ताटाला बसवायचं का नाय." आणि त्यांनी सगळं सांगितलं, त्यांच्या तोडक्यामोडक्या हिंदीत. मुबारक, फरज, डागणी, खांदा. स्वतःचं काही गाळलं नाही. बाबांनी मध्ये कागद लिहून द्यायची तयारी दाखवली होती हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. म्हाताऱ्याची अब्रू राखली.

अम्माचा चेहरा पडला. ती उंबऱ्यावर बसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "खाना तो खाओ. खाने पे किसी का कबिला लिखा क्या?" आणि तिने खरोखर आग्रह करकरून वाढलं. चाचांच्या पुढ्यात चांगल्या फोडी सरकवायला नासिरला सांगितलं. आत मी आणि सलमा तिच्याबरोबर, तिच्या मुलींबरोबर एका ताटात जेवलो. माझ्या आजोबांना गावात पाणी वरून ओतत. इथे सगळ्यांची बोटं एका भातात. तेवढ्यावरून मला वाटलं, जमलं.

जेवण झाल्यावर अम्माने सलमाला जवळ घेतलं आणि नाही म्हणाली. "मेरेकू माफ कर बेटी. दो बेट्याँ हैं मेरी." ती रडत होती, हे खोटं नव्हतं. एका ताटात जेवायला तिची हरकत नव्हती, लग्नाला होती. मला तिच्यावर धड चिडताही आलं नाही.

परतीचा

सकाळी नासिर पेरूंची करंडी घेऊन स्टेशनावर आला. अम्माने दिली होती. गाडी हलायच्या आधी सलमाला म्हणाला, "मैं अम्मा को मनाऊँगा."

सलमा म्हणाली, "नक्को. मनाना पडे तो नक्को."

तो खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोल की रे बाबा, दोन शब्द! नाही बोलला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झाल्याचं कळलं. घड्याळं चांगली दुरुस्त करतो म्हणे.

नांदेडपर्यंत सलमा खिडकीकडे तोंड करून रडली. चाचा तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, डागणीची पिशवी मांडीवर. औरंगाबादला एक प्रौढ बाई चढल्या, पैठणीच्या घडीसारख्या नीटनेटक्या. पेरू दिला त्यांना. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. डोळे चमकले. "विंचूरकर? सरदारांपैकी का?"

मी हसले. तेच ते जुनं हसू, सवयीने आलं. मग चाचांकडे नजर गेली. ते बघत नव्हते, बाहेर पाहत होते. मी म्हटलं, "नाही हो. त्याच गावचे, पण वेशीबाहेरचे. बौद्ध." बाईंनी "असं का," म्हटलं आणि पेरू हातात धरून ठेवला. मनमाडपर्यंत तो त्यांनी खाल्ला नाही. मला वाईट वाटलं, पण घाबरायला झालं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

पुन्हा नांदगाव

पुढच्या वर्षी बकरी ईद गणपतीतच आली. चाचांचं सलमाला पोस्टकार्ड आलं: बाईंना घेऊन ये. मी आणि सलमा सकाळच्या गाडीने गेलो. मागच्या गोठ्यात दोन नवीन करडं होती, कानावर ताजा शिक्का. मी त्याकडे पाहतेय हे चाचांच्या लक्षात आलं. "बापाच्या हातचं हे," ते म्हणाले. "ते कसं टाकू?"

गोरगरिबांचा वाटा निघाला, शेजाऱ्यांचा निघाला. आळीतली माणसं येऊन घेऊन गेली. उजवा खांदा पाटावर होता, दरवर्षीसारखा, फडक्याने झाकलेला. चाचा बराच वेळ त्या पाटासमोर उकिडवे बसले होते. मग उठले, फडकं काढलं, खांदा उचलून सलमाच्या हातात दिला.

"टाक पातेल्यात," म्हणाले.

"सगळा?"

"सगळा."

दुपारी एकाच ताटात भात काढला आणि आम्ही तिघं भोवती बसलो. चाचांनी खांद्याचा पहिला तुकडा तोडून सलमाच्या समोर ठेवला, दुसरा माझ्या, मग स्वतःला घेतला. म्हातारा बोकड, त्यात खांद्याचं मटण, चिवट होतं. आम्ही चावून चावून सगळं संपवलं.